मागच्या दाराचा धंदा

दुष्काळ पडला त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. पुढं शिकायचं ठरलं होतं, पण कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता आणि घरात रिकामं माणूस परवडत नव्हतं. आई आणि बाबा दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. पडेगावच्या रस्त्याला आमची वस्ती होती. सकाळी सगळी वस्ती कामावर निघाली की घमेल्यांचा आवाज रस्त्यानं लांबवर ऐकू यायचा. तो विरला की मागं म्हातारी माणसं, तान्ही लेकरं आणि कुत्री एवढंच उरायचं. विहिरीवर बायकांचा कालवा नव्हता, कारण विहिरीत पाणीच नव्हतं. टँकर यायचा तेव्हा मात्र भांडणाचा आवाज पार छावणीपर्यंत जात असेल. सरकारी दुकानातून लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिचं पीठ आई उकळत्या पाण्यात भिजवायची, तरी भाकरीच्या कडा चिरायच्या. तव्यावरून उतरल्या उतरल्या खाल्ली तर जायची, गार झाली की दातानं तोडावी लागायची. सोबत लाल मिरचीचा ठेचा, कधी वाळवलेली अंबाडी. आज कुणी मिलोचं नाव काढून तोंड वाकडं केलं की मला आवडत नाही. आम्ही तिच्यावर दिवस काढले.

घरात चौथं माणूस होतं ती माझी आत्या. नाव अनसूया, पण सगळे अनसा म्हणायचे. नवऱ्याकडून ती फार पूर्वी परत आली होती. का आली हे तिनं कधी सांगितलं नाही आणि बाबांनीही विचारलं नसावं. अंगानं बारीक, आवाज हळू, चाल मात्र अशी की तिच्या मागं चालताना मला पळावं लागायचं. दुष्काळाआधी ती जुन्या शहरात दारोदार भाजी विकायची. डोक्यावर पाटी घेऊन छावणीतून निघायची, खाम नदी ओलांडायची आणि शहराच्या दरवाजातून आत शिरली की ठरलेल्या गल्ल्या, ठरलेली घरं. समोरच्या दारानं ती कधी जात नसे. मागच्या बोळातून परसदारी जायचं, तिथं हाक द्यायची, पाटी उतरवायची. आमच्या लोकांना त्या घरांत तेवढीच वाट होती आणि आत्याला त्याचं काही वाटतं असं दिसायचं नाही. दुष्काळात भाजी बंद झाली. तरी ती सवयीनं फेरी मारत राहिली, कुणाच्या घरी दळण निवडायचं काम मिळतं का बघत राहिली. अशाच एका परसदारी कुणा बाईनं तिला आत ओढून कानात सांगितलं, "अनसाबाई, भाजी राहू दे. हा बंब कुठं विकता येईल का, बघ."

तांब्याचा बंब होता, अंघोळीचं पाणी तापवायचा. पाणीच नव्हतं तर बंबाचं करायचं काय. पण त्या घरच्या माणसानं बंब खांद्यावर घेऊन गहाणवटीच्या दुकानात जाणं शक्य नव्हतं. सगळ्या गल्लीनं पाहिलं असतं. आत्यानं गोणपाटात गुंडाळून तो डोक्यावर घेतला आणि सराफ्याच्या मागच्या बोळात एका शेठच्या दुकानात नेऊन दिला. मधला फायदा तिचा. संध्याकाळी घरी आली तेव्हा पदरात गूळ आणि शेंगदाणे होते. आईनं विचारलं, "कुठून आणलं?" आत्या म्हणाली, "बंबातून." एवढंच.

त्यानंतर ती मला बरोबर घेऊ लागली, कारण जड वस्तू एकटीला उचलत नसत आणि वाटेत हुज्जत पडली तर चार शब्द नीट बोलणारं कुणी लागायचं. शेठचं दुकान अंधारं आणि लांबट होतं. बाहेरच्या बाजूला गादी, मागं छतापर्यंत तांब्या-पितळेची भांडी रचलेली. खेड्यांतून माणसं रोज घागरी, पराती, समया घेऊन यायची, गहाण ठेवायची आणि सोडवायला बहुतेक येत नसत. शेठ स्वभावानं वाईट नव्हता. बडीशेप चघळत बोलायचा आणि अर्धं हिंदी, अर्धं मराठी असं त्याचं चालायचं. पहिल्याच आठवड्यात तो आत्याला म्हणाला, "बाई, तांबा-पीतल अब बस झालं. ठेवू कुठं? पंखा लाओ, सायकल लाओ, शिलाई मशीन लाओ. चिकलठाण्याकडं कारखाने निघू लागलेत, बाहेरून पोरं नोकरीला येऊ लागलीत. त्यांना घागर नको, पंखा पाहिजे."

हे वाक्य आत्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मला आज नवल वाटतं ते या गोष्टीचं. एकाच वर्षी, एकाच शहरात एका वेशीनं माणसं भांडी मोडायला येत होती आणि दुसऱ्या वेशीनं पगारी माणसं खोल्या शोधत येत होती. पेपरात दुष्काळाची बातमी एका पानावर, कारखान्याची दुसऱ्या पानावर. दोन्हींच्या मधल्या बोळातून आम्ही दोघी डोक्यावर ओझं घेऊन जात होतो. आत्या वाचायला शिकली नव्हती, पण कोणाकडं काय पडून आहे आणि कोणाला काय हवंय हे तिला कळलं होतं. जुन्या शहरात कारकुनी केलेल्या, पेन्शनीत निघालेल्या लोकांची घरं होती. मुलं पुण्या-मुंबईला. माळ्यावर टेबलफॅन, कंदील, बंद पडलेले रेडिओ, मुलांच्या जुन्या सायकली. भाजीवाली म्हणून आत्याला सगळी परसदारं माहीत होती. ती हाक द्यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि उठता उठता म्हणायची, "काय पडिक असलं तर सांगा. आमच्या तोंडून कुठं जायचं नाय." लोक हेच शेवटचं वाक्य ऐकायला थांबलेले असत.

पेशकारांच्या घरी आम्ही अशाच गेलो. त्यांचं आडनाव काहीतरी वेगळं होतं, पण निजामाच्या अमदानीत वडील कोर्टात पेशकार होते, मग हेही कोर्टात लागले, त्यामुळं सगळी गल्ली त्यांना पेशकारसाहेब म्हणायची. उंच, गोरे, कोटाची सगळी बटणं लावलेले. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच; मुलगा-सून पुण्याला. बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू आत्याकडून मेथी घ्यायच्या तेव्हा भाव करायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत. त्या दिवशी परसदारी काकूंऐवजी पेशकारसाहेब स्वतः आले. खाली जमिनीवर हातानं चालवायची शिलाई मशीन ठेवलेली, तिला लाकडी झाकण. काकू मागं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. आत्यानं झाकण काढलं, चाक फिरवलं. आवाज चांगला आला. मशीनच्या पत्र्यावर नाव कोरलेलं होतं, भांड्यांवर घालतात तसं. मी ते वाचून आत्याला हळूच सांगितलं.

आत्या म्हणाली, "साहेब, ही सूनबाईची हाये का?"

"घरातली आहे," पेशकारसाहेब म्हणाले. "घरातलं ते माझंच."

"तसं नाय, उद्या कुणी इचारलं तर..."

"कोण विचारणार? तुला घ्यायची तर घे, नाहीतर दुसऱ्या कुणाला देतो."

आत्यानं उंबऱ्याकडं पाहिलं. काकूंनी नजर खाली केली आणि आत निघून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुयांची डबी आणि तेलाची कुपी होती. ती दोन्ही त्यांनी मशीनशेजारी ठेवली. आत्यानं एवढ्यावर काकूंचा होकार समजून घेतला. गोधडीत बांधून मशीन तिनं डोक्यावर घेतली आणि शेठनं ती आनंदानं ठेवून घेतली.

पुढं बरेच दिवस काही झालं नाही. मी कॉलेजचा अर्ज भरला. वस्तीत एक म्हातारा आणि दोन लेकरं उलट्यांनी गेली, त्याचंही फारसं बोलणं झालं नाही. सकाळी सगळे पुन्हा खडीवर गेले. मग एका सकाळी दोन पोलीस आले आणि आत्याचं नाव विचारू लागले. वस्तीतली म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली. आत्या भाकरी थापत होती. तिनं तवा खाली घेतला, हात धुतले, झालेल्या भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून माझ्याकडं दिल्या आणि म्हणाली, "इमल, चल. जास्त बोलू नको."

चौकीत गेल्यावर सगळं कळलं. पेशकारांचा मुलगा आणि सून पुण्याहून आले होते. त्यांना तिथं मोठी जागा मिळाली होती आणि सुनेला तिची मशीन न्यायची होती. माहेरहून आलेली, वडिलांनी हौसेनं नाव घालून दिलेली. मशीन घरात नाही म्हटल्यावर पेशकारसाहेब म्हणाले, चोरीला गेली. मुलगा म्हणाला, मग तक्रार का केली नाही? आणि त्यांना घेऊनच तो चौकीत आला. पोलिसांनी शोधलं तर शेठच्या दुकानात मशीन समोरच मांडलेली होती. पत्र्यावरचं नाव वाचायला कुणालाही वेळ लागला नसता. शेठनं सरळ सांगितलं, "अनसाबाईनं आणून दिली." तो खोटं बोलला नाही. त्याच्यावर मी तेव्हा चिडले होते, आता नाही.

बाकावर पेशकारसाहेब बसलेले, कोटाची बटणं लावलेली. शेजारी मुलगा, टेरिलीनचा शर्ट, चेहऱ्यानं साधा. सून दाराबाहेर व्हरांड्यात उभी होती. टेबलावर मशीन. हवालदारानं विचारलं, "बाई, ही कुठून आणली?"

आत्यानं पदर सारखा केला.

"कुठून आणली इचारलं."

"विकत घेतली."

"कोणाकडून?"

आत्यानं पेशकारसाहेबांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. मला वाटलं, आता सांगेल. शेवटी मीच म्हणाले, "यांच्याकडून घेतली. यांनी स्वतः दिली, परसदारी. काकू होत्या तिथं."

हवालदारानं पेशकारसाहेबांना विचारलं, "साहेब, या बायांना ओळखता?"

ते म्हणाले, "नाही. भाजीबिजी विकायला येत असतील. घरात कोण येतं-जातं, मी पाहत नाही."

आवाज अगदी नेहमीसारखा होता. कोर्टात आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबान्या लिहून घेतलेला माणूस. मी पुन्हा बोलायला गेले तर हवालदारानं टेबलावर हात आपटला. आत्यानं माझं मनगट धरलं. तिला बसवून ठेवायचं ठरलं आणि मला बाहेर काढलं. बाहेर येताना तिला मी विचारलं, "तू का बोलत नाहीस?" ती म्हणाली, "आपण बोललो का, उद्यापासून कोणतं परसदार उघडंल?" तिला चोर ठरवत होते आणि ती धंद्याचा विचार करत होती, असं मला तेव्हा वाटलं. खरं म्हणजे घरात दुसरं होतंच काय. खडीच्या मजुरीत मिलो यायची. माझी फी, बाबांच्या खोकल्याचं औषध आणि चहातली साखर मागच्या दारांतून येत होती.

बाबांना आणायला जायचं तर खडीचं काम पार दौलताबादच्या बाजूला. मी तसं केलं नाही. मी पेशकारांच्या गल्लीत गेले आणि सवयीनं मागच्या बोळात शिरले. काकू परसात ताट घेऊन बसल्या होत्या. ताटात भाकरी होती, तीही लालच. आमच्यासारखीच त्यांच्याकडं मिलो शिजते हे मला पहिल्यांदा कळलं. मी उभ्या उभ्या सांगितलं, "आत्याला चौकीत बसवलंय. साहेब म्हणाले, ओळखत नाही." काकूंनी ऐकून घेतलं. ताट उचलून आत ठेवलं, हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि पायात चपला घालून समोरच्या दारानं निघाल्या. मला म्हणाल्या, "तू पुढं हो. मला चौकी माहीत नाही."

कडक ऊन होतं. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघत होत्या, कारण काकू अशा एकट्या कधी दिसत नसत. चौकीत शिरल्यावर त्या टेबलापर्यंत गेल्या. मुलगा उठून उभा राहिला. "आई, तू कशाला आलीस?"

काकू हवालदाराला म्हणाल्या, "मशीन मी विकली. या बाईंना मीच बोलावलं होतं. यांना जाऊ द्या."

हवालदार म्हणाला, "मग साहेब चोरी कशाला म्हणाले?"

"त्यांना ठाऊक नव्हतं."

हे खोटं होतं आणि खोलीतल्या चार माणसांना ते ठाऊक होतं. पेशकारसाहेब समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. मुलगा म्हणाला, "आई, मला लिहायचं होतंस. मी काही केलं नसतं का?"

"तू कधी विचारलंस का, आम्ही काय खायलोत?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "घरात धान्य नव्हतं. मशीन पडून होती. माझ्या सुनेची वस्तू तिला न विचारता विकली, ते चुकलं. तिला मी सांगते." आणि त्या व्हरांड्यात जाऊन सुनेशी बोलल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. सून रडू लागली आणि तिनंच काकूंचा हात धरला, एवढं मी पाहिलं. मग तक्रार मागं घेतली गेली. मुलानं शेठशी मिटवून मशीन सोडवली आणि दोघं ती टांग्यात घालून घेऊन गेले. पेशकारसाहेब त्यांच्याबरोबर गेले. टांग्यात बसताना त्यांनी काकूंसाठी जागा ठेवली होती. काकू म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. मी येते चालत."

शहराच्या दरवाजाच्या कमानीखाली सावली होती, तिथं आम्ही तिघी बसलो. आज त्या कमानीतून गाडी निघायला अर्धा तास लागतो, तेव्हा तिथं हातगाड्या आणि शेळ्या असायच्या. मी सकाळचं भाकऱ्यांचं फडकं सोडलं.

काकूंनी विचारलं, "भाकरी आहे का?"

आत्यानं फडक्यावर हात ठेवला. "आमच्या घरची हाये, काकू."

"मग आणखी कुणाच्या घरची असणार?"

त्यांनी भाकरी मोडली आणि ठेच्याबरोबर खाल्ली. ठेचा तिखट होता, डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसत त्या म्हणाल्या, "अनसाबाई, तुम्हाला परसदारं ठाऊक आहेत. मला माजघरं ठाऊक आहेत. हळदीकुंकवाला कितीतरी घरी जाते मी. कुणाच्या माळ्यावर काय आहे, ते मला विचारा."

आत्यानं त्यांच्याकडं पाहिलं. "साहेबांना चालंल व्हय?"

"त्यांना ठाऊक नसतं," काकू म्हणाल्या, आणि मला आठवतं, आत्या त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

तशी ती भागीदारी सुरू झाली. काकू समोरच्या दारानं जायच्या, आम्हालाही समोरच्याच दारानं न्यायच्या. काही घरांनी त्यामुळं दार लावून घेतलं, काहींनी काकूंना बोलावणं बंद केलं. गल्लीत पुष्कळ बोललं गेलं. एक-दोन शब्द आमच्यावरही आले, ते मी इथं लिहीत नाही. पण जिथं दार उघडलं तिथं माल भरपूर निघायचा, आणि घरातली बाई चारचौघांत हो म्हटल्याशिवाय आत्या कशालाही हात लावत नसे. मी कॉलेजात जाऊ लागले. पाऊस परत आला, खडीची कामं बंद झाली. गावाकडून आलेली बरीच माणसं गावी न जाता कारखान्यांत लागली. शहराच्या बाहेर मोकळ्या माळावर सरकारी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. तिथंच पुढं एका गाळ्यात आत्या आणि काकूंनी स्वतःचं जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं. शेठनं सुरुवातीचा माल उधार दिला आणि वर सांगितलं की मेरेही गिऱ्हाईक तोडू लागल्या तुम्ही. माझा नातू आता फोनवर फोटो टाकून घरातल्या जुन्या वस्तू विकतो. माल न्यायला येणारा माणूस कोण, हे त्याला ठाऊक नसतं.

पेशकारसाहेब दुकानात कधी आले नाहीत. दुपारी काकूंचा डबा घेऊन यायचे, बाहेर पायरीवर ठेवायचे आणि पेपर वाचत बसायचे. आत्याशी ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. आत्या त्यांना चहा पाठवायची, ते प्यायचे. चौकीतल्या त्या दिवसाबद्दल मी कुणाच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही.

आत्या आधी गेली, मग साहेब. काकू बरीच वर्षं राहिल्या. पाठीत वाकल्या होत्या, पण सकाळी दुकान स्वतः उघडायच्या. मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर अधूनमधून त्यांच्याजवळ जाऊन बसायची. एकदा न राहवून विचारलं, "काकू, त्या दिवशी तुम्ही चौकीत आलात. आत्यासाठी केवढी हिंमत केलीत." पुष्कळ वर्षं मनात धरून ठेवलेलं होतं, म्हणून जरा जड शब्दांत म्हणाले असेन.

काकू एका पंख्याची पाती फडक्यानं पुसत होत्या. त्या पुसतच राहिल्या.

"तुझ्या आत्यासाठी आले असं तू धरून चालली आहेस का इतकी वर्षं?" त्या म्हणाल्या. "मला घरातून बाहेर पडायचं होतं गं. निमित्त सापडत नव्हतं."